बुंदीचं अंथरूण

"माणसाला मेल्यावर कोरं कापड मिळतं, अन् ह्या उंदरांचा थाट बघा, दर तिसऱ्या दिवशी धुतलेलं." नळापाशी बसून मायाक्का पुटपुटत होती. आवाज असा बेतून लावलेला, की शिलाई मशीनवर बसलेल्या सुनेला ऐकू जावा, पण आपण ऐकवलं असं म्हणता येऊ नये.

पूनमनं मशीनवरचा पाय थांबवला नाही. तीन महिन्यांत तिला सासूच्या पुटपुटण्याची सवय झाली होती. पुटपुटणं बंद पडलं की मात्र ती मान वळवून बघायची.

भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत मायाक्का गणपतीच्या दिवसांत राहायला आली होती. पावसाळ्यात बिरप्पा, तिचा नवरा, गेला. मागं मेंढरं राखणारं कुणी नव्हतं म्हणून सगळा कळप विकला. एकुलता एक मुलगा सिद्धाप्पा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होता. त्यानं आईला मंगळवेढ्याकडच्या गावातून उचलून शहरात आणलं. रानात निम्मी हयात घालवलेली बाई, गॅस पेटवायला घाबरायची. भाजी निवडून झाली की तिच्या हातांना काही काम नसायचं. ते हात मग मांडीवर पडून राहायचे, दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे.

नऊ वर्षांच्या नातीच्या, संस्कृतीच्या, दोन गिनीपिगांनी ते हात कामाला लावले. एक बुंदी, दुसरी कडक, भाकरीतली. ही नावं खाण्यावरून ठेवली, की ती ठेवताना पोरीला भूक लागली होती, हे कुणी विचारलं नव्हतं. पिंजऱ्यात खाली कारखान्यातले खोट निघालेले टॉवेल आणि वर फ्लीसचं मऊ कापड. आधी गवताच्या काड्या आणि लेंड्या झटकायच्या, केस हातानं ओढून काढायचे, मग गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचं. पाणी येण्याचा दिवस नसला की बादलीभर पाण्यात भागवायचं. पूनमनं सासूला एकदाच समजावून सांगितलं होतं: ह्या कापडातून लघवी खालच्या टॉवेलात उतरते, म्हणून वरचं कोरडं राहतं. तेवढ्यासाठी कोरं फ्लीस तिनं चार वेळा उकळत्या पाण्यातून काढलं होतं. वासाचं ते मऊ करणारं औषध तर अजिबात घालायचं नाही, कापडाची भोकं बुजतात.

मायाक्कानं मान डोलावली. पटलं होतं की नाही, देव जाणे. लोकरीत जन्म गेलेल्या बाईला प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या लोकरीचं कौतुक कोण सांगणार. पण ते काम तिनं स्वतःचं करून टाकलं. इतकं, की सिद्धाप्पानं एकदा वॉशिंग मशीनमध्ये घालू का म्हणून विचारलं तर दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

डिसेंबरात त्या कापडाला गोळे धरायला लागले. गवताच्या काड्या त्यात अडकून बसायच्या, निघता निघायच्या नाहीत. मायाक्का बोटांनी ते गोळे खुडायची आणि चरफडायची. मग एक दिवस ती एकदम गप्प झाली. पूनम शाळेचे गणवेश पोचवायला बाहेर गेली होती. परत आली तर घरभर शिजवलेल्या चिंचोक्यांचा वास. चिंचेच्या बरणीतले चिंचोके म्हातारी कधीपासून साठवत होती कोण जाणे. तिनं ते भाजले, सालं काढली, वाटले, शिजवले आणि त्याची खळ करून फ्लीसला दिली. माहेरी घोंगड्याच्या सुताला अशीच खळ द्यायचे. सूत ताठ राहतं, केस सुटत नाहीत.

पूनमला हे कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी पिंजरा आवरताना तिचा हात कापडावरून फिरला आणि तिला कळलं. दिवसभर कापडच हाताळणारी बाई ती. फ्लीस पोस्टाच्या पाकिटासारखं ताठ झालं होतं. कोपऱ्यात लघवीचा थेंब तसाच बसून होता, तव्यावर शिंपडलेल्या पाण्यासारखा गोल.

ती बोलायला वळली. मागं मायाक्का उभी होती. "बग की, आता एक काडी बसत न्हाई त्याला," ती म्हणाली आणि हसली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. रात्री जेवताना तिनं भाकरी मागून घेतली, संस्कृतीला घोंगडं विणणाऱ्या बापाच्या गोष्टी सांगितल्या, बिरप्पाचं नाव आपणहून काढलं. सिद्धाप्पा आईकडं बघत राहिला होता.

उद्या सांगू, असं पूनमनं ठरवलं. उद्याचं परवा झालं. खरं सांगायचं तर सासूच्या हसण्याइतकीच तिला स्वतःची सोयही प्यारी होती. लग्नसराईतली ब्लाउजं पडली होती, आणि सासू रुसली तर ते अंथरूण धुणं पुन्हा आपल्या गळ्यात येणार, हे तिनं मनातल्या मनात मोजलं होतं.

दोन आठवडे गेले. थंडी वाढली. बुंदी खाईना, नाकातून आवाज यायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला उताणं केलं. पोटावरचे केस चिकटलेले, तळपाय लाल. अंग ओलं राहतंय का हिचं, त्यांनी विचारलं. सिद्धाप्पा अभिमानानं म्हणाला, छे हो, आमची आई हातानं धुते सगळं. पूनम भिंतीवरचा गायीच्या जातींचा तक्ता वाचत राहिली.

घरी आल्या आल्या तिनं ते कापड काढून टाकलं आणि नुसता टॉवेल अंथरला. थंडी आहे ना, म्हणाली. चौथ्या दिवशी सकाळी बुंदी गवतात तोंड खुपसून गार पडली होती.

दुपारी सासूचा डोळा लागल्यावर पूनमनं फ्लीस उकळत्या पाण्यात घातलं. तीन पाण्यांतून बुळबुळीत खळ निघाली. दोरीवर वाळत टाकलेलं ते लुळं कापड मायाक्कानं उठल्यावर पाहिलं. बोटांच्या चिमटीत धरलं, सोडलं. दोघींनी एकमेकींकडं पाहायचं टाळलं. थंडीनं गेली, असं घरात ठरून गेलं.

त्या दिवसापासून मायाक्कानं अंथरुणाला हात लावला नाही. हात पुन्हा मांडीवर. कडक एकटीच पिंजऱ्यात शिट्टी घालायची, उत्तर आलं नाही की गप्प व्हायची. आणि एका संध्याकाळी मायाक्कानं जाहीर केलं, की भाच्याकडं ज्वारीची काढणी आहे, रविवारी सकाळच्या एसटीनं ती चालली. कधी येणार, सिद्धाप्पानं विचारलं. "हितं माजं काय काम हाय," एवढंच ती म्हणाली. त्यानं खूप विनवलं. शेवटी बायकोला म्हणाला, तू सांग की, तुझं ऐकेल. पूनमनं सासूला सांगितलं, राहा आत्या. पण ते बुंदीबद्दल नव्हे, ज्वारीबद्दलच सांगितल्यासारखं वाटलं, तिचं तिलाच.

रविवारी मायाक्का नेसून, पिशवी घेऊन दारात बसली. सिद्धाप्पा खाली स्कूटर पुसत होता, गरजेपेक्षा जास्त वेळ. संस्कृती कडकला मांडीवर घेऊन आजीजवळ आली.

"आजी, बुंदीला नक्की काय झालं होतं गं?"

"थंडी," मायाक्का म्हणाली. तिचा हात कडकच्या पाठीकडं गेला आणि मध्येच मागं आला, आपलाच विटाळ तिला होईल असा.

तो मागं आलेला हात पूनमनं पाहिला. ती मशीनवरून उठली आणि दारात सासूसमोर खाली बसली.

"थंडीनं नाही, संस्कृती. कापडाला खळ होती, ओल खाली उतरेना, त्यानं मेली ती," पूनम म्हणाली. "आणि ती खळ मला पहिल्याच संध्याकाळी हाताला लागली होती, आत्या. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी बोलले नाही."