तापीकाठची चौपाटी

समुद्राशिवाय मानवी संस्कृती अपूर्ण आहे. आमच्या गावाला तो शंभर मैलांवर पडत होता, त्यामुळे आम्ही तापीत म्हशी धुऊन संस्कृतीचे भागवत होतो.

एकोणीसशे बासष्ट साली सरपंच प्रेमचंदभाई कापसाच्या निमित्ताने सुरतेला गेले, समुद्र पाहून आले आणि मग त्यांना घरात चैन पडेना. नदीपलीकडच्या गावात त्यांची सासुरवाडी. सासू दगूबाई दर लग्नात चारचौघींत म्हणायची, "मन्हा जवाईना गावमा धूळशिवाय काय शे?" तिला धूळच दाखवायची, पण बाक टाकून, असे प्रेमचंदभाईंनी ठरवले.

वाळूवर दोन बाक आले, लोखंडी झोका आला, पत्र्याची घसरगुंडी आली. 'सार्वजनिक चौपाटी' अशी पाटी लागली. लाटांचे पुढच्या साली बघू, असे ठरले. सुरतेकडच्या वाळूत पायाला खडा टोचला नव्हता, म्हणून प्रेमचंदभाईंनी सगळ्या काठावरचे दगड वेचून घेतले आणि पाण्याशेजारी त्यांचा चुना मारलेला सुबक ढीग रचला. उद्घाटन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी साऱ्या लेकी माहेरी येतात, गर्दी आयती.

आखाजीला आमच्याकडे आणखीही एक असते. बाया गौराई घेऊन नदीवर जातात आणि दोन्ही काठांवरून एकमेकींना शिव्या देत दगड मारतात. दिवस मावळेपर्यंत नाते धरायचे नाही, मावळल्यावर राग धरायचा नाही. एरवी दगड शोधण्यातच निम्मी दुपार जायची, त्यामुळे दोनचार टेंगळांवर निभावायचे.

"चौपाटी देखीसन बाया दगडं भुली जातीन," प्रेमचंदभाई म्हणाले.

माहेरी आलेली त्यांची बहीण शांतीबाई ढिगाकडे बघत होती. "दादा, तू देवमानूस शेस," ती म्हणाली, आणि पदर खोचला.

उन्हाळ्याने नदीचा ओढा झालेला. पलीकडे दगूबाई उभी, शेजारी प्रेमचंदभाईंची बायको जसोदाबाई, कारण तीही माहेरी. प्रेमचंदभाई हार घेऊन बाकावर चढले. "सासूबाई, पहिला झोका तुमना!"

"तो झोका नही रे, तुन्ही तिरडी शे!" पलीकडून आले.

शांतीबाईचा पहिला पांढरा दगड गेला. पलीकडे एकीचे कपाळ फुटले. मग कुणी मोजले नाही. तासाभरात ढीग संपला, आमचा काठ जिंकल्याच्या आरोळ्या उठल्या, आणि मगच लक्षात आले की सगळा ढीग आता पलीकडे आहे.

तो परत आला. घसरगुंडीचा पत्रा फाटला. बाकांच्या ढाली केल्या, त्यांच्या ढलप्या उडाल्या. एकीचे दोन दात वाळूत पडले, ती तोंड पुसून शिव्या देतच राहिली. शांतीबाईचा हात वाळल्या पऱ्हाटीसारखा मोडला. "सार्वजनिक शे, सार्वजनिक शे!" असे ओरडत प्रेमचंदभाई पाटीला मिठी मारून उभे राहिले. पाटी दुभंगली. पुढचा दगड त्यांच्या भुवईवर बसला. तो जसोदाबाईचा होता. नेम संसारात पक्का झालेला.

दिवस मावळला. पलीकडच्या बाया गुडघाभर पाण्यातून हळद घेऊन आल्या. "लागनं का हो?" म्हणत जसोदाबाईने नवऱ्याच्या भुवईत हळद दाबली. प्रेमचंदभाई रडत होते, भुवईसाठी नव्हे.

झोका तेवढा उभा होता. दगूबाईने सगळी मोडतोड फिरून पाहिली. आता ती धूळ म्हणणार, म्हणून प्रेमचंदभाईंनी डोळे मिटले. तिने कानावरचे रक्त पदराने पुसले, झोक्याच्या फळीवर बसली, पाय वर घेतले.

"जवाईबापू," ती म्हणाली, "जरासं मांगून ढकला ना."