पिशवीचं ऑपरेशन

म्हसावदमध्ये माझी गर्भपिशवी दोनदा काढून झाली आहे. एकदा गेल्या वर्षी, आणि ‘टाके पिकले’ म्हणून पुन्हा या महिन्यात. खरं तर ती जिथल्या तिथे आहे. गेली ती डावी छाती. पण आमच्या गल्लीत पिशवी काढणं म्हणजे दाढ काढण्याइतकं साधं, घरटी एकीची तरी निघालेली. कॅन्सर म्हटलं की मात्र लोक आधी घरातल्या पोरीकडे बघतात. आमची रुचिका नाशिकला फार्मसी शिकते. शिरपूरच्या मुलाशी तिचं जमत आलं होतं, नुसती सुपारी फुटायची बाकी होती. म्हणून माझ्या सासूबाईंनी, भिकुबाईंनी, ही पिशवी शोधून काढली. “पोरनं लगन व्हई जाऊ दे, मंग गावभर बोंबल,” त्या म्हणाल्या.

एक खोटं सांभाळायला दहा लागतात. केस गेले, तर ते तिरुपतीला दिले. औषधांसाठी महिनोन्‌महिने सुरतेला भावाकडे राहिले, तर वहिनीचा पाय मोडला होता. बिचारी धडधाकट वहिनी.

आणि आता ही नवी छाती. डॉक्टरांनी या कमरेपासून त्या कमरेपर्यंत पोट कापलं आणि तिथलं मांस-कातडी वर आणून बसवली. मला सरळ उभं राहता येत नाही, कुबड आल्यासारखी वाकून चालते. काखेखालून एक नळी निघते आणि गाऊनच्या आत बाटलीत जाते. नवी छाती ऊबदार आहे, पण हात लावला तर हाताला कळतं, तिला कळत नाही. तिचं टोक अजून व्हायचंय, त्यासाठी पुन्हा सुरत. आणखी खोटं कशाला बोलू, मलाही ती हवी होती. ब्लाउजमध्ये कापडाची घडी भरायची आणि वाकलं की ती गळ्याशी यायची, याचा मला वीट आला होता. पण माणूस इतकं दमतं हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल.

भेटायला बायका येतात, बिस्किटांचा पुडा ठेवतात आणि मला पिशवीचं ज्ञान देतात. मी पोट धरून हं हं करते. निदान पोट तरी आता खरंच दुखतंय.

सिंधुबाई माझी चुलत जाऊ. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरात सगळी धास्ती तिचीच होती, बाकीचं गाव नंतर. एका दुपारी ती आली. माझा नवरा हेमराज शेतात पपईची गाडी भरून देत होता, सासूबाई ओट्यावर तूर निवडत होत्या.

“वजन उचलू नको. डिंकना लाडू खा,” तिनं सुरू केलं. मी जांभई दाबली. मग ती स्वतःच्या दुखण्यांकडे वळली. गुडघे झाले, पित्त झालं. “आनि आठे काखपासी गाठ शे. पयले हरबराएवढी व्हती, आते बोरएवढी व्हयनी.”

“डॉक्टरले दखाडी का?”

“दखाडीसन काय? दुखत तर नई.”

हे माझंच वाक्य होतं. हेच म्हणत मी कापसाचा एक अख्खा हंगाम घालवला होता.

“ताई, उद्याच जाय.”

“कापूस येचाई जाऊ दे. दुखी तवय दखाडसू.”

सुरतेच्या एका मामेबहिणीचं असंच झालं, असं मी आणखी एक खोटं रचून पाहिलं. “सुरतना लोके!” ती हसली. “तेस्ले शिंक उनी तरी मोठा डॉक्टर लागस.” आणि ती उठायला लागली.

सांगितलं तर सकाळपर्यंत शिरपूरला कळणार. नाही सांगितलं तर ही बाई कापूस वेचत बसणार. मला भयंकर राग आला. तिचा, सासूबाईंचा, आणि मला धड उठून संडासला जाता येत नाही तर हे ठरवायचं माझ्यावर आलं याचा.

“ताई, दार लाय.”

मी गाऊनच्या गुंड्या सोडल्या. “मन्ही पिशवी जागावरच शे. माले कॅन्सर व्हता. आठली गयी, हाई नवी पोटनी बनाडेल शे. मन्ही गाठ बी दुखत नव्हती.”

सिंधुबाई बघत राहिली. तिचा हात हळूच स्वतःच्या काखेकडे गेला. ती चहा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी गावाला कळलं. सिंधुबाई नवऱ्याबरोबर शहाद्याला गाठ तपासायला निघाली तेव्हा स्टँडवरसुद्धा सांगून गेली म्हणे. सासूबाईंनी माझं ताट असं आदळलं की वरण सांडलं. “पोरना जलमनं वाटोळं करं तू.” मध्यस्थाचा शिरपूरहून फोन आला, सध्या थांबू. मी घाबरत रुचिकाला फोन केला.

“मम्मी, मी कॉलेजात कॅन्सरचीच औषधं शिकते आणि सगळ्यांपासून कॅन्सरच लपवते,” ती म्हणाली. “थांबू दे त्यांना.” मग ती रडली. मीही रडले, पण बेतानं, टाके मोकळं रडू देत नाहीत.

मग बायका यायला लागल्या. आता पुडे नव्हते. आत आल्या की स्वतःच दार लावायच्या. “दखाड ना,” म्हणायच्या. कुठे चाचपायचं, कुठल्या हातानं, आडवं होऊन की बसून. मी गुंड्या सोडायची, दाखवायची, सुरतेच्या नर्सनं मला शिकवलं तसं शिकवायची. दर्शनाला ठेवलेली मूर्ती झाले होते मी. खरंच कंटाळा यायचा. पण परत कुणाला पाठवलं नाही.

सासूबाई ओट्यावर पाठ करून बसायच्या. एका दुपारी शेवटची बाई गेली आणि त्या आत आल्या. मी डोळे मिटून घेतले. आता बोलणी खायची ताकद नव्हती. कडी वाजली. डोळे उघडले तर त्या भिंतीकडे तोंड करून ब्लाउजचे हूक काढत होत्या.

माझा हात धरून त्यांनी उजव्या छातीखाली ठेवला. आवळ्याएवढं, कडक. वरची कातडी आत ओढली गेलेली.

“आई, कवयपाईन?”

“तुन्हा पयला ऑपरेशनना आगोदरपाईन.” त्या भिंतीशीच बोलत होत्या. “एक घरमा दोन दोन जनीसले शे म्हंतात, मंग पोरले कोन करी?”

वर्षभर, मी घरी असले की, या बाईनं माझे पाय चेपले होते, नळीची बाटली रोज रिकामी केली होती, भाकरी थापल्या होत्या. हे अंगात घेऊन. मला ओरडायचं होतं. मी सरकून त्यांना खाटेवर जागा केली. त्यांच्या ब्लाउजचे हूक मी लावून दिले.

“कोनले सांगू नको,” त्या म्हणाल्या.

मी हेमराजला फोन लावला.