कुणाच्या डोळ्यांना भिऊ नका

आमच्या कारखान्यात मत द्यायचं म्हणजे डोळे मिटून हात वर करायचा. हसू नका, चांगली पद्धत होती ती. कारखाना चिनीमातीच्या भांड्यांचा, आम्हा कामगारांच्याच मालकीचा. ज्या म्हाताऱ्याने, आमच्या थोरल्यांनी, तो काढला त्याला एकच ध्यास होता, माणसाने शेजाऱ्याचं तोंड बघून मत देऊ नये. म्हणून मोजणारा सोडून सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि जो उघडेल त्याचं सभासदत्व गेलं, मग तो कुणी का असेना. सभागृहाच्या भिंतीवर निळ्या फरश्यांत त्याचं वाक्य बसवलंय: 'आपल्या डोक्याने विचार करा, कुणाच्या डोळ्यांना भिऊ नका.' इतकी वर्षं त्याच्याखाली बसून मी डबा खाल्ला.

त्या दिवशीची सभा माझ्या धाकट्या जावेमुळे भरली. ती तपासणीच्या खोलीत कामाला. बाई मुलखाची चिवट. लग्न होऊन आली तेव्हा आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. मी चिमटीने मीठ घालते तर ही मागे चमचा घेऊन उभी! पण खोटं बोलायची नाही, मरेपर्यंत नाही. तिने शोधून काढलं की आमच्या पिवळ्या वाट्यांत आंबट काही ठेवलं की झिलईतलं शिसं त्यात उतरतं. पुन्हा पुन्हा तपासलं, तेच निघालं. "ताई, विष आहे हो," मला म्हणाली, "आणि या वाट्या शाळांना जाणार आहेत."

माझी नात त्याच वाटीत जेवायची. घरी गेले आणि पहिली ती वाटी फोडली. पोरीने भोकाड पसरलं.

आमच्या व्यवस्थापकाला सगळे मऊसाहेब म्हणतात. आवाज कधी चढायचा नाही. तो म्हणाला, "मतभेद आहे ना? मग सभासद ठरवतील. ठराव असा की आपल्या वाट्या निर्धोक आहेत."

"अहो, शिसं काय हात वर केले की निघून जातं?" मी म्हटलं. सगळे हसले. तोही हसला.

"काकू, तुमचा लोकांवर विश्वास नाही का?"

ठराव पास झाला तर वाट्या शाळांत जाणार आणि धाकटीला तपासणीच्या खोलीतून हाकलणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

आजवर मोजायचं काम भट्टीवाल्या मामांकडे असायचं. या वेळी छताला काळा कॅमेरा लावलेला आणि समोर मोठा पडदा. "आता मामांनाही डोळे मिटता येतील," मऊसाहेब म्हणाला, "यंत्राला ना भाऊबंद, ना वैरी. थोरल्यांना हेच तर हवं होतं." मामा मान डोलवत मागच्या रांगेत जाऊन बसले.

मी आणि धाकटी पहिल्या रांगेत. डोळे मिटले. ठराव वाचला गेला. मी हात मांडीवर घट्ट दाबून ठेवला. आमचे प्लॅस्टिकचे एप्रन जरा हात उचलला की करकरतात, पण मला काहीच ऐकू आलं नाही. म्हटलं, गेले वाटतं माझे कान माती मळायच्या यंत्रापाशी उभं राहून राहून.

डोळे उघडले तर पडद्यावर अक्षरं होती: एकमताने मंजूर.

"एकमताने? माझा हात खाली होता!" मी ताडकन उभी राहिले.

"यंत्र चुकत नाही, काकू. तुमचे डोळे मिटलेले होते. नकळत गेला असेल हात वर."

"माझा हात मला कळत नाही? अहो, कुणीतरी सांगा ना याला!" मी सभागृहाकडे वळले. कुणी ब्र काढेना. काढणार कसा? सगळ्यांचे डोळे मिटलेले, मग साक्ष देणार कोण!

"मी पाहिलं." धाकटी उभी राहिली. "ताईंचा हात मांडीवर होता. मी शेजारीच होते."

"खाली बस गं," मी दबक्या आवाजात म्हटलं. ऐकेल तर ती धाकटी कसली.

"म्हणजे तुमचे डोळे उघडे होते," मऊसाहेब हळहळला. खरंच हळहळला, मेला. "काय करू? नियम माझा नाही, थोरल्यांचा आहे. सभासदत्व रद्द करण्याचा ठराव घ्यावा लागेल. मिटा डोळे सगळ्यांनी."

तो आमच्याकडे पाठ करून पडद्याकडे बघत राहिला. मी सभागृहाकडे तोंड करून उभी होते, तशीच राहिले. डोळे मिटले नाहीत. आणि पाहिलं तर काय, एकाचाही हात वर नव्हता! सगळे हात मांड्यांवर. सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. एकमेकांकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. मामांनी हळूच मान हलवली. नको, बाई, नको.

पडद्यावर पुन्हा तेच आलं. एकमताने मंजूर.

धाकटीने एप्रन काढून खुर्चीवर ठेवला. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मला राहवेना.

"माझेही डोळे उघडे होते!" मी ओरडले. "एकानेही हात वर केला नाही! आणि हे सगळे बघत होते, हे मामासुद्धा!"

मऊसाहेब सावकाश वळला. "असं? आणखी कुणी पाहिलं?"

मामा आपल्या चपलांकडे बघत होते. शेजारच्या बाईने पदराने तोंड झाकलं. नाही म्हटलं तरी या माणसांबरोबर माझं आयुष्य गेलं. यांच्या पोरांची बारशी मी जेवले.

"कुणीच नाही," मऊसाहेब म्हणाला. "काकू, वाईट वाटतं हो. पण मग तुमच्याबद्दलही ठराव आला. डोळे मिटा सगळ्यांनी."

या खेपेला सगळ्यांनी खरोखरच मिटले. लहान पोरं मिटतात तसे, कपाळाला आठ्या पडेपर्यंत घट्ट. धाकटीने माझा हात धरला.

आणि मग मागच्या रांगेत, मामा बसले होते तिथे, पहिला एप्रन करकरला.