चांदीवरचा अंगठा

त्या दिवशी डबा न धुतलेल्या हातांनी उघडला, तेव्हाच मला कळलं की ती आता नाही.

मित्रांनो, मी चांदीची एक जुनी वीट आहे. वीट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भिंत येईल, पण मी एवढीशीच, तळहातावर मावणारी. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी राहत होते. त्या डब्याचा आमच्या घरात एक कायदा होता. आधी हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, पांढरे सुती हातमोजे घालायचे आणि मगच झाकणाला हात लावायचा. कायदा करणारीही ती आणि पाळणारीही ती, कारण डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचाच नाही हे त्याचं पहिलं कलम होतं. त्यामुळे झाकण उघडलं की साबणाचा वास यायचा. त्या दिवशी स्पिरिटचा आणि लाखेचा वास आला. तो तिच्या नवऱ्याच्या हातांचा वास. झाकण उघडलं आणि तसंच पुन्हा लागलं.

त्याआधी बाहेर पुष्कळ माणसांचे आवाज झाले होते. खुर्च्या ओढल्याचे, दबक्या बोलण्याचे. त्याचा अर्थ मला लागला नव्हता. त्या वासाने तो लागला.

माझा जन्म काही फार मानाचा नाही. कुणाचा चमचा, कुणाची तुटकी साखळी, कुणाच्या फोटोची चौकट, असं सगळं एका मुशीत वितळलं आणि साच्यात ओतलं, ती मी. ओतणाऱ्या कारागिराचा हात त्या दिवशी हलला असावा. माझी एक बाजू खाली बसली आणि पाठीवर लाटा उमटल्या. चांदीवाल्याच्या दुकानात माझ्या शेजारी कारखान्यातल्या विटा होत्या. सरळ कडांच्या, छाप मारलेल्या, प्लास्टिकमध्ये बंद. गिऱ्हाईक यायचं, त्या घ्यायचं आणि मला बोटाने बाजूला सारायचं. "ही अशी का?" एवढंच माझ्याविषयी बोललं जायचं.

मग एक दिवस ती आली. घरी बसून कपडे शिवणारी बाई. कपडे उसवून, आत घेऊन, बाहेर काढून जे चार पैसे सुटत, त्यांची ती चांदी घ्यायची. अंगावर घालायला नाही. भाव उतरला की घ्यायची, चढला की थोडी विकायची, आणि मधल्या काळात नुसती बघत बसायची. तो तिचा छंद होता. कुणाला बागेचा असतो, कुणाला पत्त्यांचा, तसा.

तिने मला उचललं आणि चांदीवाल्याला म्हणाली, "दादा, बर्फाचा एक खडा मिळेल का?"

"ताई, हे चांदीचं दुकान आहे, सरबताचं नाही."

"माहीत आहे. शेजारी सरबताचं आहे ना? तिथून आणा."

त्याने हसत आणला. तिने तो खडा माझ्या पाठीवर ठेवला. मित्रांनो, आम्हा चांदीच्या अंगात उष्णता भराभर पळते. खरी चांदी असली की तिच्यावर बर्फ बघता बघता विरघळतो, जणू तव्यावर ठेवला. माझ्या पाठीवरच्या लाटांमधून पाणी वाहू लागलं, तशी ती लहान मुलीसारखी खूश झाली.

"दिसायला वेडीवाकडी आहे, पण मनाची साफ आहे," ती म्हणाली आणि मला घेऊन निघाली.

घरी तिचा नवरा लाकडी सामानाला पॉलिश करत बसलेला असायचा. कपाटं, खुर्च्या, टेबलं. निस्तेज वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. लोक म्हणायचे, याने दगड घासला तरी त्यात तोंड दिसेल. तो बायकोला शेठाणी म्हणायचा.

"काय शेठाणी, आज बाजार काय म्हणतोय?"

"बाजार म्हणतोय, आधी हात धुवा."

"घेताना चढा भाव, विकताना पडता. तुझी चांदी दुकानाची पायरी उतरली की म्हातारी होते बघ."

"होऊ दे. तुम्ही तर लग्नाच्या दिवशीच म्हातारे दिसत होतात. ठेवलंच ना मी?"

अशी त्यांची बोलणी. डब्यात आम्हाला सगळं ऐकू यायचं. तो डब्याजवळ आला की ती ओरडायची, "हात लावायचा नाही!" तो हसून मागे सरायचा. पण मागे सरताना स्वतःच्या हातांकडे बघायचा. लाखेने तपकिरी झालेले, कितीही धुतले तरी न निघणारे हात. त्याला वाटायचं, या हातांची तिला घाण वाटते. तसं त्याने कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

डब्यात माझ्यासोबत आणखी काही विटा आणि काही जुनी नाणी होती. नाण्यांवर तिचा फार जीव. ती तिने खाकी कागदाच्या पाकिटांत घालून वर्षानुवर्षं तशीच ठेवली होती. तशा कागदात चांदीवर हळूहळू रंग चढतो. कडेला निळा, मध्ये सोनेरी, कुठे जांभळी झाक. तो रंग घाईने येत नाही. ती महिन्यातून एकदा नाणं काढायची, हातमोजा घालून उजेडात फिरवायची, आणि "अजून थोडं" म्हणून परत ठेवायची.

माझी पाळी एका सकाळी आली. तिने मला पुसायला बाहेर काढलं होतं. एकच हातमोजा चढवून झाला होता, तेवढ्यात फोन वाजला. दूरच्या शहरात राहणारी त्यांची लेक बाळंत झाली होती. ती मला उघड्या हातात घेऊनच फोनकडे धावली. "काय? मुलगी? कुणासारखी दिसते?" असं विचारत ती हसत होती, रडत होती, आणि तिचा घामेजलेला अंगठा माझ्या अंगावर दाबून बसला होता. दुकानातून आणल्यापासून इतक्या वर्षांत तिची कातडी मला तेव्हाच पहिल्यांदा लागली.

काही दिवसांनी तिथे काळपट ठसा उमटला. अंगठ्याच्या सगळ्या रेघा त्यात होत्या, आणि मधोमध एक बारीक रिकामा ठिपका. शिलाई मशीनची सुई एकदा त्या अंगठ्यात घुसली होती, तो तिचा व्रण. तिने कपाळाला हात लावला.

"आण इकडे," नवरा म्हणाला. "पाच मिनिटांत साफ करतो."

"हात लावायचा नाही!" ती म्हणाली. मग जरा थांबून, "राहू दे. नातीची आठवण आहे."

मला एकदा विकायलाही नेलं होतं. भाव खूप चढला होता आणि दुकानात गर्दी होती. आमच्यापुढे एक बाई आपलं काहीतरी विकत होती आणि विकताना रडत होती. चांदीवाला भाव सांगत होता, ती नुसती मान हलवत होती. आमची पाळी आली तेव्हा शेठाणी म्हणाली, "दादा, रडत्या हाताकडून घेत जाऊ नका हो. रडताना माणसाला भाव ऐकू येत नाही." आणि मला पिशवीत टाकून तशीच परत आली. नवऱ्याने विचारलं, "का गं, विकली नाहीस?" ती म्हणाली, "आज बाजाराला पडसं झालंय."

पुढे ती आजारी पडली. डबा उघडणं कमी होत गेलं. शेवटचा उघडला तेव्हा हातमोजे तिच्या हातांना सैल झाले होते. तिने नाणी नीट लावली. मग उजव्या हातातला मोजा काढला, त्यात मला सरकवलं आणि म्हणाली, "हिला वेगळी ठेवते." कुणाला म्हणाली कुणास ठाऊक. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. स्पिरिटचा वास आला, आणि डबा तसाच पडून राहिला. मित्रांनो, अंधाराची आम्हाला सवय असते. पण आधी अंधारात तिची शिलाई मशीन ऐकू यायची, त्यांची बोलणी ऐकू यायची. आता एक कप ठेवल्याचा आवाज यायचा. एकच कप. एकच खुर्ची सरकायची. तो कधीकधी मोठ्याने म्हणायचा, "काय शेठाणी, आज बाजार काय म्हणतोय?" आणि मग रेडिओ लावायचा.

लेकीचा फोन यायचा. "बाबा, एकट्याने किती दिवस काढणार? आईची चांदी विकून टाका, घराला कुलूप लावा आणि इकडे या."

"येतो," तो म्हणायचा. बऱ्याच फोनांनंतर एकदा म्हणाला, "बरं. या आठवड्यात विकतो."

त्याने डबा टेबलावर घेतला. त्या दिवशी त्याने हात धुतले. साबणाने धुतले, मग दगडाने घासले, मग पुन्हा धुतले. झाकण उघडून त्याने पाकिटांतून एकेक नाणं काढलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "बघ गं, किती डाग पडलेत. आजारपणात तुला वेळच मिळाला नाही."

आणि त्याने आपलं सामान काढलं. मऊ कापड, पांढरी पूड, थोडं पाणी. मी हातमोज्यात होते. मला फक्त कापडाचा आवाज ऐकू येत होता आणि त्याचं गुणगुणणं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा गुणगुणत होता. तिच्यासाठी करता येण्यासारखं एक काम त्याला सापडलं होतं आणि ते तो जीव लावून करत होता. त्याला थांबवायला मला तोंड नव्हतं. दिवेलागणीपर्यंत सगळी नाणी, सगळ्या विटा आरशासारख्या झाल्या. इतक्या वर्षांचा निळा आणि सोनेरी रंग त्या एका कापडावर काळा होऊन बसला.

शेवटी हातमोजा उरला. त्याने तो उचलला. आत काहीतरी जड आहे हे त्याला कळलं. पण मोज्याच्या बोटांना अजून तिच्या बोटांचा बाक होता. त्याने तो उलटा केला नाही. "हे आहे तसंच राहू दे," म्हणाला आणि बाकीच्या चांदीबरोबर पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी चांदीवाल्याने पिशवी मखमलीवर रिकामी केली आणि नाणी बोटाने पसरून बघितली. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून याला भावोजी.

"भावोजी, हे कुणी केलं?"

"मी. का? छान निघालीत ना?"

"छान निघालीत," चांदीवाला म्हणाला. एक नाणं त्याने उजेडात फिरवलं आणि हळूच खाली ठेवलं. "पण यांच्यावर रंग होता ना?"

"डाग होते."

"डाग नव्हते, भावोजी. ताईंनी तो रंग चढवला होता. किती वर्षं चढवत होत्या. मला येऊन सांगायच्या, आज कडेला निळं आलं, आज जांभळं आलं."

नवऱ्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मला म्हणायची, हात लावायचा नाही. मला वाटायचं, हात घाण आहेत म्हणून."

"घाण?" चांदीवाला म्हणाला. "ताई काय म्हणायच्या सांगू? म्हणायच्या, आमच्या यांच्या हातात जादू आहे. ती माझ्या चांदीवर चालली की संपलंच सगळं."

त्याने दोन्ही हात मखमलीवरून मागे घेतले. चांदीवाल्याने काहीतरी करायचं म्हणून हातमोजा उलटा केला आणि मी मखमलीवर पडले. त्याने सवयीने कानस उचलली. जुनी ओतीव वीट विकत घेताना एक कोपरा घासून बघतात.

"थांबा," तिचा नवरा म्हणाला.

त्याने मला कडांना धरून उचललं, ती धरायची तसंच. इतकी वर्षं लांबून बघून तो शिकला होता. उजेडात ठसा दिसला. रेघा दिसल्या. मधला ठिपका दिसला. त्याने आपला अंगठा ठशाच्या अगदी जवळ नेला, आणि टेकवला नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले.

चांदीवाल्याने कानस खाली ठेवली आणि सगळी चांदी पिशवीत परत भरली. "आज नको, भावोजी. रडत्या हाताकडून घेऊ नका, असं ताईंनीच बजावलंय मला."

मला मात्र त्याने पिशवीत टाकलं नाही. एक पारदर्शक डबी काढून दिली. "हिला यात ठेवा. उघडी राहिली तर हवेने सगळीच काळी पडेल आणि ठसा त्यात बुडून जाईल. पुसली तर काय होईल ते तुम्ही बघितलंत. डबीत हवा जात नाही. झाकण एकदा दाबलं की पुन्हा उघडत नाही. मग दिसेल, पण हात लावता येणार नाही."

मित्रांनो, मी काही शहाणी नाही, घडले तशी आहे. पण एक मागणं मागते. दुसऱ्याच्या जपलेल्या वस्तूवर काही काळं दिसलं तर घासायला घेण्याआधी त्या माणसाला विचारा, हे काय आहे? आणि ते माणूस समोरच्या खुर्चीत बसलेलं असतानाच विचारा. पुढे विचारायला गेलात तर उत्तर चांदीवाल्याकडून मिळतं.

आता मी टेबलावर आहे, तिच्या खुर्चीसमोर, त्या डबीत. तो रोज सकाळी हात धुतो आणि येऊन बसतो. मला कडांना धरून बाहेर काढतो, अंगठा ठशाजवळ नेतो आणि परत ठेवतो. माझ्या कडा काळवंडू लागल्या आहेत. त्याला ते दिसतं. या कामात त्याची नजर कुणापेक्षा कमी नाही.

लेकीचा फोन कालही आला होता. "बाबा, कधी येताय?"

"येतो गं. एक काम राहिलंय, तेवढं झालं की निघतो."

"केवढं आहे काम?"

"पाच मिनिटांचं," तो म्हणाला.

झाकण माझ्या शेजारीच पडलं आहे. ते अजून लावायचं राहिलं आहे.