निखारा मी नेला होता

मित्रांनो, चुलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकलेला, पाय थोडे फाकलेला जुना लोखंडी चिमटा म्हणजे मी. चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे एका लहानशा गावात नंदाबाईच्या घरी राहतो. माझी हकीकत सांगायला मला लाज वाटते. तरी सांगतो.

लोहाराने मला एका जुन्या पट्टीतून ठोकून काढले. नंदाबाईने बाजारातून आणले, त्याला वीस वर्षे झाली. भाकरी उलटायची, जळते लाकूड सारायचे आणि रोज सकाळी चुलीतला एक निखारा उचलून धुपाटण्यात ठेवायचा, ही माझी कामे. नंदाबाई सोमवार धरते, एकादशी धरते. "माह्या चिमट्याबिगर देवाले धूप नाई," असे ती शेजारच्या शामकलाला सांगे, तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

घरामागे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचे झाड आहे. धुऱ्यापलीकडे गवताचा माळ. तिथे तितर पक्षी राहतात. तितरी झाडावर घरटे बांधत नाही. गवताच्या बुडाशी जमीन जरा उकरते आणि तिथेच अंडी घालते. मोह गळू लागला की वेचायची फुले पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली आधी जाळून घ्यायची आमच्याकडे जुनी रीत आहे.

यंदा वनरक्षक ओमेश्वरी मॅडम घरोघरी फिरल्या. "काकी, या वर्षी जाळू नका. झाडून घ्या, नाहीतर जुनं लुगडं अंथरा. माळात तितरी अंड्यावर बसून राहिली."

"नाई जाळत बाई. देवाची आन," नंदाबाई म्हणाली.

दोन दिवस तिने खराट्याने झाडले. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. पोटात अन्न नाही, पाठ दुखत होती, आणि वरून पाने पडतच होती. तिचा नवरा दुधराम बाजेवरून हसला.

"अशी झाडून राहिली तं पावसाळ्यात मोह येचशीन!"

"मॅडमले सबूद देल्ला ना जी."

"मंग मॅडम येते का तुही पाठ चोळाले?"

नंदाबाईने देवघरातल्या आगपेटीकडे हात नेला आणि मागे घेतला. देवाच्या आगपेटीने कचरा कसा पेटवायचा? मग तिने मला उचलले. मित्रांनो, तिने देवाची आगपेटी जपली, देवाची आन मात्र मोडली. आणि निखारा मी घट्ट धरून नेला.

पाचोळा भरकन पेटला. दुपारचा वारा सुटला होता. आग धुरा ओलांडून गवतात शिरली. नंदाबाईच्या हातून मी तिथेच पडलो. दोघांनी पळसाच्या फांद्यांनी झोडपले, शामकला धावली, पण आग थांबली ती पार बैलगाडीच्या रस्त्यावर. तितरी अगदी शेवटी उडाली. माझ्यापासून दहा पावलांवर तिची सात अंडी काळी पडली होती.

ओमेश्वरी मॅडम आल्या. "आग कशी लागली?"

"लागली जी," दुधराम म्हणाला. "कोण्या बिडीवाल्यानं टाकली असंन."

"उन्हानं बी लागते बाई," शामकलाने त्याची बाजू घेतली.

मॅडमनी राखेतून मला उचलले. मी अजून गरम होतो. "आन् हा चिमटा कोनाचा?"

दुधराम खाली बघत राहिला. मला वाटले, मातीत रुतून जावे.

"माहा हाय," नंदाबाई म्हणाली. तिचा आवाज फार लहान झाला होता. "लागली नाई बाई, लावली. मी लावली. तुमच्यासमोर आन घेतली, आन् लावली."

मॅडम रागावल्या नाहीत. "काकी, बयान लिहावं लागंन."

"लिहा. फक्त एक सांगा. तितरी पुन्हा अंडी घालंन का?"

"घालंन. गवत राहिलं तं."

त्या दिवसापासून नंदाबाई गावात दारोदार जाते. ज्या बायकांत तिचा मान होता, त्यांच्यापुढे उभी राहून सांगते, "मी लावली होती. तुमी नका लावू." कुणी ऐकते, कुणी तोंडाला पदर लावून हसते. पहाटे मोह वेचताना काळ्या माळावरून तितरीची हाक येते, तेव्हा ती वाकलेलीच राहते. मान वर करत नाही.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. धरलेला निखारा मला आपणहून खाली ठेवता येत नाही. तुम्हाला येतो.