खालची डावी दाढ

बायको गेल्यावर आठ महिन्यांनी मी तिची दाढ आम्लात टाकली.

नुसतं एवढं सांगितलं तर लोक दचकतील, म्हणून आधी आमचं काम सांगतो. दातांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं कामाला होतो. मुलांना मायक्रोस्कोपखाली बघायला दातांच्या काचपट्ट्या करायच्या. मी घासणारा. काढलेला दात दगडावर घासून इतका पातळ करायचा, की त्याच्या आरपार छापील अक्षरं वाचता यावीत. त्यात डेंटीन छान दिसतं. दाताचं मुख्य अंग म्हणजे डेंटीन, आणि त्यात आतून बाहेर जाणाऱ्या हजारो बारीक नळ्या. पण दाताच्या पोटातला मऊ गर, ज्यात नस आणि रक्त असतं, तो घासण्यात निघून जातो. गर बघायचा तर दात आम्लात ठेवून मऊ करायचा, मेणात बसवायचा आणि त्याचे पापुद्रे काढायचे. ते काम तिचं. मुलं तिला आंबटबाई म्हणायची.

"तुमचं काय, दगडावर दगड," ती मला म्हणायची. "जिवंत भाग माझ्याकडे येतो."

"आणि वरचं इनॅमल कोण विरघळवून टाकतं?"

"टरफल गेलं तर गेलं."

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमचं सत्तावीस वर्षं भरलं.

बारा वर्षांपूर्वी तिची दाढ किडली, ती तिथंच कॉलेजच्या तळमजल्यावरच्या दवाखान्यात काढली. तिच्या तोंडात कापसाचा बोळा होता. मीच दाढ धुतली, कुजू नये म्हणून फॉर्मालिनच्या बाटलीत टाकली आणि वर चिठ्ठी चिकटवली. बाटली तिच्या टेबलाच्या खणात राहिली. यंदा खण आवरताना ती माझ्या हाती आली.

मला तिचा तो जिवंत भाग बघायचा होता. फोटो आहेत, कपडे आहेत, चष्मा आहे, पण ते सगळं बाहेरचं. बाटलीत तिच्या अंगातलं काहीतरी होतं. घासायचा दगड मी हातातही घेतला नाही.

तिच्या वहीत वाचून सगळं केलं. रोज आम्ल बदललं, टाचणी टोचून बघितली. ती असती तर म्हणाली असती, "अहो, चारचारदा टोचल्यानं ती लवकर शिजणार नाहीये." पाच आठवड्यांनी दाढ रबरासारखी मऊ झाली. पहिले सहा पापुद्रे फाटले. सातवा काचेवर नीट बसला.

रंगवून भिंगाखाली धरला. गुलाबी डेंटीन, ओळीनं नळ्या, मधे पोकळी. पोकळीत थोडा काळसर गाळ, बाकी काही नाही. आणखी दोन पट्ट्या केल्या. तेच.

आमच्या विभागाच्या मॅडमना दाखवलं. शिकत असताना त्यांनी तिची भरपूर बोलणी खाल्लेली.

"काका, बाटलीत टाकताना मुळांची टोकं कापली होती का?"

"नाही."

"मग फॉर्मालिन आत गेलंच नसणार. गर आतल्या आत कुजला. आधी टोक, मग बाटली, असं बाई आम्हाला रोज ओरडायच्या."

घासायच्या दाताचं टोक कापावं लागत नाही. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला हे माहीत नव्हतं. तिला मात्र बाटली बघताक्षणी कळलं असणार. मी दोनतीनदा म्हटलंही होतं, तुझ्या दाढेची पट्टी कर की. ती म्हणायची, "राहू द्या हो. लोकांचे दात कमी आहेत का?" चहात साखर विसरलो तर आठवडाभर ऐकवणारी बाई, पण हे तिनं मला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

मी उठायला लागलो.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "पोकळीच्या वरच्या कडेला बघा. कीड होती त्या बाजूला."

तिथं एक जाड थर होता. त्यातल्या नळ्या थोड्याच आणि वाकड्यातिकड्या, घाईत विणल्यासारख्या.

"कीड आत यायला लागली की गर आपल्या बाजूनं नवं डेंटीन घालतो. भिंत बांधत बांधत स्वतः मागे सरकतो. हे जिवंत गराचंच काम, काका."

"किती दिवसांचं असेल?"

"एवढा थर म्हणजे काही महिने तरी."

त्या महिन्यांत ती रोज माझ्याबरोबर प्रयोगशाळेचे तीन जिने चढत होती. एकाच बाजूनं जेवायची, आणि विचारलं तर म्हणायची, कुठं काय, काही नाही.

मी पुन्हा डोळा लावला. थराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, मग परत आलो. थर संपून पोकळी सुरू होते त्या कडेपाशी थांबलो. तिथपर्यंत तिचं काम झालं होतं.

बाहेर मुलं जमली. "काका, वर्ग भरायचाय," मॅडम हळू म्हणाल्या.

"पाच मिनिटं."

त्या बाहेर गेल्या. "चला, आज वरच्या खोलीत बसू," असं मुलांना म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. मी पट्टी केसभर डावीकडे सरकवली.