फुकटचं नेट एक दिवस बंद

देस्से शहराच्या बसस्टँडसमोर आमची दुकानांची रांग आहे. नगरपालिकेनं फुकट वायफायचा डबा माझ्या दुकानावर बसवला, कारण झेरॉक्ससाठी माझ्याकडे बॅटरी होती. बाकी माझं कर्तृत्व शून्य. पण त्या डब्यानं रांगेचं नशीब उघडलं, हे खरं. आधी माणसं बसमधून उतरली की सरळ बाजाराकडे सुटायची. आता ड्रायव्हर, कॉलेजची पोरं, घरांचे दलाल, सगळे इथेच बूड टेकतात. बूड टेकलं की घसा कोरडा पडतो, बॅटरी उतरते, मळलेले बूट दिसायला लागतात. सगळ्यांचंच चालायला लागलं.

सगळ्यात जास्त चाललं ते शिताये एतेतेचं. माझ्या दाराशेजारी तिची कॉफी: खाली हिरवं गवत, निखाऱ्यावर मातीची सुरई, धुपाचा वास आणि भोवती बुटकी स्टुलं. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं आम्ही सगळे तिला एतेते म्हणतो. तोंडाची भलती फटकळ.

"नेट फुकटचं आहे, स्टूल माझं आहे! एका कपावर दिवसभर बसायला ही काय सासुरवाडी आहे तुझी?"

पोरं हसायची आणि दुसरा कप घ्यायची. तिसरा मात्र कुणी घ्यायचं नाही. तिसरा कप आशीर्वादाचा, तो न घेता उठू नये, असं ती रोज बजावायची. पण पोरांच्या माना फोनमध्ये.

तिची मुलगी फिकिर्ते बैरुतला घरकामाला होती. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल याच नेटवर यायचा. पैशाचं नेट एतेते कधी घेत नसे. मग फोन रांगभर फिरायचा. "बघ, हा मेकुऱ्या. अजून बिनलग्नाचाच आहे," असं माझ्याकडे बोट दाखवून सांगायची. फिकिर्ते तोंडावर हात धरून हसायची. तिला आम्ही सगळे ओळखत होतो.

मग दोन संध्याकाळी फोन आला नाही. "मालकिणीनं काढून घेतला असेल. पाहुणे आले की घेते ती मेली," एतेते म्हणाली. पण हात सारखा फोनकडे जायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या एका पोरीनं फेसबुक उघडलं आणि उठून माझ्या दुकानात आली. बैरुतमधल्या आमच्या देशाच्या लोकांनी फिकिर्तेचा फोटो टाकला होता. पासपोर्टचा. खाली लिहिलं होतं की ती परवा गेली. कशानं, ते लिहिलं नव्हतं. मी दोनदा वाचलं. मला काही वाटलं नाही. मशीनमधून निघत असलेले झेरॉक्सचे कागद तेवढे सरळ केले.

आमच्यात मरणाची बातमी अशी सांगत नाहीत. फोनवर तर नाहीच. घरचं माणूस आणि चार वडीलधारे पहाटे दारात जातात, आणि त्यांनीच सांगायचं. तोवर माणसानं जेवावं आणि एक रात्र सुखानं झोपावं. मी मयतीच्या मंडळाचे प्रमुख देमिसे, ज्यांना मानानं आम्ही गाशे म्हणतो, त्यांच्याकडे गेलो. ऐकून त्यांनी क्षणभर डोळे मिटून घेतले.

"शितायेचा भाऊ गावाकडून संध्याकाळपर्यंत येईल. उद्या पहाटे जाऊ. तोवर कुणी ब्र काढायचा नाही."

"गाशे, तिचा फोन माझ्या डब्याच्या नेटवर आहे. तो फोटो तिला आपोआप दिसेल."

"मग बंद कर."

मी येऊन डब्याची तार उपटली. शिंपी, चपलावाला, सगळ्यांना कळवलं. धंदा बसणार होता, पण कुणी तक्रार केली नाही. बाहेरचं गिऱ्हाईक चुकचुकत निघून गेलं. ज्यांना माहीत होतं ते मात्र स्टुलांवर बसून राहिले. पहिला कप घेतला, दुसरा घेतला, तिसराही घेतला.

एतेते खूश. "अगं बाई! नेट गेलं तर तोंडं दिसली तुमची! मेकुऱ्या, आठवड्यातून एकदा बिघडू दे रे तुझा डबा." कुणीतरी हसलं. मीही हसलो असेन.

दुपार उलटली तशी ती दुकानात यायला लागली. "झालं का रे?"

"बघतोय, एतेते." मी डबा उघडून स्क्रू काढत होतो आणि परत लावत होतो.

"तिच्या फोनची वेळ झाली. दोन दिवस नाही आला, आज येणारच. हात झडले का तुझे?"

"भाग मिळत नाहीये."

"एक नंबरचा आळशी आहेस तू!" म्हणाली आणि भांडी आवरून घरी गेली.

पहाटे आम्ही गेलो. तिनं दार उघडलं. वडीलधाऱ्यांच्या पांढऱ्या शाली पाहिल्या, त्यांत भाऊ पाहिला. कुणाला काही सांगावंच लागलं नाही.

अंगणातला दुखवट्याचा मंडप उतरल्यावर काही दिवसांनी ती काळ्या कपड्यांत परत आली. गवत पसरलं, निखारे फुलवले. नेट केव्हाच चालू केलं होतं, स्टुलं भरलेली होती. तिनं मला हाक मारली.

"त्या दिवशी डबा बिघडला नव्हता ना?"

"नाही."

"मग?"

"मी तार काढली होती. गाशेंनी सांगितलं म्हणून. तुम्हाला फोनवर कळू नये म्हणून."

मला वाटलं, बरं केलंस म्हणेल. तिनं निखाऱ्यावरची सुरई उचलली.

"म्हणजे ती फोन करत होती. लागला नाही."

"एतेते, ती त्याच्या दोन दिवस आधीच…"

"तुला काय माहीत? तू तर बंद करून बसला होतास."

नेट परत आलं की राहून गेलेले फोन दिसतात आणि फिकिर्तेचा एकही दिसला नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं कपात कॉफी ओतली आणि माझ्यापुढे धरली.

"किती वेळा लावला असेल रे तिनं?"

मी कप घेतला.

"खूपदा, एतेते," मी म्हणालो. "खूपदा लावला असेल."